रिकाम्या सीटचा पट्टा

गाडी घेतली तेव्हा आमच्या केंद्रातल्या एकूण एक शिक्षकाने मला वेड्यात काढलं. सेकंडहँड घ्यायची तर जपानी घे, कोरियन घे, पण फ्रेंच? पार्ट मिळायचे नाहीत, मेकॅनिक हात लावायचे नाहीत आणि विकायला काढलीस तर कुत्रं विचारणार नाही, असं मला प्रत्येकाने आपापल्या शब्दांत ऐकवलं. मला सल्ला सोसत नाही, ही माझी जुनी खोड आहे. शिवाय ती गाडी मला बघताक्षणी आवडली होती. विटकरी रंगाची, लहानशी, पण चाकांवर ऐटीत उंच उभी. आमच्या सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये मावेल आणि सावळ घाटातल्या खड्ड्यांत पोट घासणार नाही, एवढंच मला हवं होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा पेठ तालुक्यात, करंजाळीच्या पुढे एका पाड्यावर, आणि घर नाशिकला इंदिरानगरात. म्हणजे रोजचं अप-डाऊन. आधी मी पेठ नाक्यावरून मिळेल त्या जीपने जायची आणि मिळेल त्या जीपने परत यायची. उशीर झाला तरी विचारणारं कोणी नव्हतं. पण आई माझ्याकडे राहायला आली आणि ते जमेनासं झालं.

आई म्हणजे सगुणाबाई. जन्म येवल्यातला, लग्न येवल्यातच, आणि हात चालत होते तोवर पैठणीच्या मागावर बसलेली. गेल्या वर्षी तिची एक बाजू लुळी पडली, मग हृदयाचंही निघालं, आणि मी तिला उचलून नाशिकला आणलं. मला भाऊ नाही, बहीण नाही. लग्न मी केलेलं नाही, आणि का नाही ते विचारायचं नाही. दिवसा तिच्याजवळ तिला सांभाळायला ठेवलेली फुलाबाई असायची. संध्याकाळी मी दारात पाय ठेवला की आईचा एकच प्रश्न असायचा.

"तृप्ते, येवल्याला कधी जायचं?"

"बघू उद्या."

एवढा प्रवास तिला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. वाटेतच काही झालं तर, हा एकच विचार माझी पाठ सोडायचा नाही. आणि तिकडे तिला बघणार कोण? आईला या कशाशीच देणंघेणं नव्हतं. तिला तिकडे जगायला जायचं नव्हतंच. "एकदा माझ्या उंबऱ्याच्या आत जाऊ दे मला," ती म्हणायची, "पुढचं मी बघते." मी तिच्यावर चिडायची. खरं सांगते, चिडायची कमी आणि घाबरायची जास्त.

तर गाडी. ती विकणाऱ्याचं नाव हिरामण. पेठकडच्याच एका पाड्यावरचा, शिकून नाशिकला सरकारी नोकरीत लागलेला, बोलायला मऊ. गाडी त्याने जिवापाड सांभाळलेली दिसत होती. मग विकता कशाला, असं मी विचारलं तर म्हणाला, "नको झाली, मॅडम." चक्कर मारायला निघालो तेव्हा मी चालवायला बसले आणि तो मागे जाऊन बसला. गाडी विकणारा माणूस एरवी शेजारी बसतो, क्लच असा सोडा, गिअर तसा टाका म्हणून डोकं खातो. हा मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला आणि सगळा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मला वाटलं, बाईमाणसाच्या शेजारी बसायला संकोचत असेल. मनातल्या मनात त्याला मी चार मार्क जास्त दिले.

दिवाळीनंतर शाळा उघडली आणि माझं गाडीने अप-डाऊन सुरू झालं. आरटीओ कॉर्नरला संध्या मॅडम चढायच्या. त्या आमच्या शेजारच्या शाळेवर. त्यांना मागेच बसायचं असायचं, कारण बसायचं हे नुसतं नाव, त्या आडव्या व्हायच्या आणि रामशेजचा किल्ला दिसायच्या आत घोरायला लागायच्या. पुढची सीट रिकामी. तिच्यावर माझी पर्स आणि डबा.

सावळ घाट सुरू होतो तिथे पहिल्या मोठ्या वळणाच्या आधी रस्त्याकडेला थोडी रुंद जागा आहे. ट्रकवाले तिथे थांबून टायर ठोकून बघतात. ती जागा आली आणि गाडी टिंग-टिंग वाजायला लागली. समोर लाल दिवा. शेजारच्या सीटवर माणूस आहे आणि त्याने पट्टा लावलेला नाही, असं गाडीचं म्हणणं. मी पर्स आणि डबा उचलून मागे टाकला. आवाज चालूच. घाट संपला तरी चालू, करंजाळी गेली तरी चालू. माझं डोकं उठलं. मग मोहपाडा फाटा आला, जिथून एक कच्चा रस्ता डोंगरात आत जातो, आणि तिथे तो आवाज जसा लागला होता तसाच थांबला.

दुसऱ्या दिवशीही तसंच. ट्रकवाल्यांच्या जागेपासून मोहपाडा फाट्यापर्यंत टिंग-टिंग, पुढे शांत. संध्याकाळी परतताना आवाज नाही. नाशिकमध्ये तर कधीच नाही, भाजी आणायला गेले, गॅस भरायला टाकी नेली, गाडी गप्प. सोमवारी, मंगळवारी, पाऊस नसताना, धुकं असताना, रोज तिथेच सुरू आणि तिथेच बंद. रस्त्यात काही असेल, विजेच्या तारा जात असतील, असं मी स्वतःला समजावलं. मी मुलांना विज्ञान शिकवते, आणि मुलांना शिकवतो ते स्वतःला पटवावंच लागतं.

शनिवारी गाडी नाशिकच्या द्वारका चौकाजवळ मयूरच्या गॅरेजला नेली. फ्रेंच गाडीला हात लावणारा तो एकटाच सापडला होता. त्याने सीट पुढे केली, मागे केली, खाली वाकून वायरी हलवल्या. स्वतः बसला तर वाजलं, उठला तर थांबलं. सुट्या पार्टांची पिशवी ठेवली तर वाजलं, उचलली तर थांबलं.

"सेन्सर एकदम ओके आहे, मॅडम," तो म्हणाला. "सीटखाली वजन कळतं याला. वजन बसलं आणि पट्टा नसला की वाजणार. वजन उठलं की थांबणार. बाकी याला काही कळत नाही."

"आणि वजन नसतानाच वाजलं तर?"

"मग वजन असेल," मयूर म्हणाला आणि हात पुसत दुसऱ्या गाडीकडे गेला.

उपाय शेवटी संध्या मॅडमनी काढला. एक दिवस त्यांची झोप त्या आवाजाने मोडली, आणि त्यांची झोप मोडणं ही लहान गोष्ट नाही. "अहो, एवढं काय त्यात? रिकाम्या सीटवरून पट्टा लावून टाका की कायमचा. आमच्या घरी तसंच असतं. सगळे तेच करतात." मी तिथेच घाटात गाडी बाजूला घेतली, हात लांबवून पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून खटकन लावून टाकला. आवाज बंद. मोहपाडा फाट्यावरून आम्ही गाणी ऐकत पुढे गेलो. आम्हा शिक्षकांना आवाज बंद झाला की प्रश्न सुटला असं वाटतं. वर्गातही आमचं तेच चालतं.

त्या दिवसापासून गाडी चढाला जड झाली. आधी तिसऱ्या गिअरमध्ये सहज निघायची तिथे दुसरा टाकावा लागायला लागला. आत धुराचा वास येऊ लागला. पेट्रोलचा नव्हे, सिगारेटचा नव्हे. ओल्या लाकडाची चूल पेटवली की लुगड्याला जो धरून बसतो तो. मी चटई धुतली, संत्र्याच्या वासाची बाटली लावली. दोन दिवस संत्र्याचा आणि चुलीचा असा मिळून वास आला, मग नुसता चुलीचा.

आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे आणि बाल्कनीच्या बरोबर खाली माझी गाडी लागते. फुलाबाई आईला दुपारी बाल्कनीत खुर्चीवर बसवायची. एका संध्याकाळी मी घरात शिरले तर आईने येवल्याचं काढलं नाही. ती म्हणाली, "ती बाई कोण गं? तुझ्या गाडीत बसलेली?"

"कुठली बाई? संध्या मॅडम तर आरटीओलाच उतरतात."

"त्या नाहीत. म्हातारी आहे. पुढे बसलीये. तिला वर तरी बोलव, अशी काय गाडीत ठेवून येतेस माणसाला?"

औषधांचा परिणाम असेल म्हणून मी विषय सोडला. रविवारी मी अंघोळीला गेलेली बघून आईने फुलाबाईला चहाचा कप घेऊन खाली पाठवलं. फुलाबाई गरीब. आजीचं मन मोडायचं नाही म्हणून ती गेली. मी बाहेर आले तेव्हा ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होती.

"ताई, मी कप बोनेटवर ठेवला आन् वळले," ती म्हणाली. "आतनं काचेवर टकटक झालं. मला नाय बघवलं मागं."

"मांजर असेल."

"मांजर गाडीच्या आत कसं जाईल, ताई?"

मी तिला रागावले. माझा राग असाच असतो, घाबरले की आधी बाहेर येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगलीच थंडी होती. मी शाळेला निघायला खाली आले. गाडीच्या सगळ्या काचा कोरड्या होत्या. एकट्या पुढच्या डाव्या खिडकीवर वाफ धरली होती, आणि ती आतून होती. मी दार उघडलं नाही. वाकून समोरच्या काचेतून आत पाहिलं. रिकाम्या सीटवरून पट्टा लावला की तो सपाट पडतो, सीटला चिकटून बसतो. हा तसा नव्हता. पोटापाशी, छातीपाशी तो सीटपासून वर उचललेला होता, मागे कोणी असावं असा. आणि मी बघत असताना तो हळूच वर आला आणि हळूच खाली गेला. परत वर आला. परत खाली गेला.

मला एकच सुचलं, की हा पट्टा आत्ताच्या आत्ता काढायचा. मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि हात आत घातला. चुलीचा वास अंगावर आला. बोट लाल बटणावर ठेवलं तेवढ्यात वरून आईची हाक आली. सहा महिन्यांत तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

"तृप्ते! इथं नको उतरवूस तिला!"

मी वर पाहिलं. फुलाबाईच्या खांद्याला धरून आई बाल्कनीत उभी होती. जी आई आधाराशिवाय बसू शकत नव्हती, ती उभी होती.

"हे तिचं घर आहे का?" ती म्हणाली. "इथं कुठं जाईल ती? तिचं घर कुठंय ते विचार आधी कुणाला तरी."

मी रजा टाकली आणि हिरामणला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. "तुमच्या गाडीत..." एवढंच म्हटलं आणि थांबले.

"वाजतं का?" त्याने विचारलं.

"वाजत होतं. मी पट्टा लावला."

"अरे देवा," हिरामण म्हणाला. "मॅडम, म्हणजे तिला उतरताच येत नसंल."

दुपारी तो घरी आला आणि आमच्या सोफ्याच्या काठावर बसून त्याने सांगितलं. गाडीत होती ती त्याची आई, चिमणाबाई. मोहपाड्याची. नाशिकला दवाखान्यात होती, आणि आता घरी न्या असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्याने तिला गाडीत शेजारी बसवलं, पट्टा लावला आणि निघाला. रामशेजपर्यंत ती बोलत होती. शेताचं विचारत होती, कोंबड्यांचं विचारत होती. सावळ घाटाच्या तोंडाशी तिची मान कलली.

"मी घाबरलो, मॅडम. ट्रक थांबत्यात ना, त्या जागेवरनं मी गाडी वळवली आन् सुसाट नाशिकला आलो. वाटलं, वाचंल. पण ती तवाच गेलेली. मग पाहुणे म्हणाले, आता पाड्यावर कशाला नेतो, इथंच उरका. इथंच उरकलं. आमच्यात माणूस बाहेर गेलं तर त्याला शिवेवरनं नावानं हाक मारून घरात घ्यावं लागतं. घरच्यानंच. मी ते केलंच नाय. सकाळी गाडी तिकडं निघाली की तिथनं ती बसायची. मी दोनदा ऐकलं, मग गाडीच विकली."

"म्हणजे ती रोज फाट्यावर उतरून..."

"फाट्यावर उभी राहत असंल. कोण न्यायला येतंय का बघत." हिरामणने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले.

आतल्या खोलीतून आई म्हणाली, "मग जा की आता. बसलात काय?"

आम्ही तसेच निघालो. मी चालवत होते, हिरामण मागे, पहिल्या दिवशी बसला होता त्याच कोपऱ्यात. शेजारच्या सीटकडे मी एकदाही बघितलं नाही. पण गिअर टाकताना माझ्या कोपराला पट्टा लागायचा आणि तो गरम असायचा. दुपारचं लख्ख ऊन होतं, रस्त्यावर पोरं बोरं विकत होती, समोरून एसटी येत होत्या, आणि मला एवढी भीती उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. ट्रकवाल्यांची जागा आली. हिरामण मागून म्हणाला, "थांबू नका, मॅडम. पुढं चला."

मोहपाडा फाट्याला गाडी आत घेतली. कच्चा रस्ता, दोन्हीकडे नागलीची कापलेली शेतं. पाड्याच्या अलीकडे एका झाडाखाली वाघदेवाचा शेंदूर लावलेला लाकडी खांब उभा होता. ती त्यांची शीव. हिरामणने इंजिन चालूच ठेवायला सांगितलं आणि उतरला. खांबापाशी त्याने पानावर चिमूटभर तांदूळ ठेवले, बाटलीतलं पाणी सोडलं, मग येऊन डावीकडचं दार उघडलं. पट्ट्याचं बटण त्याच्याने दाबवेना. शेवटी ते मीच दाबलं.

पट्टा सरकन मागे गेला. टिंग-टिंग सुरू झालं.

"आये," हिरामणने हाक मारली, "चिमणाबाई, ऊठ. घर आलं. मी आलोय न्यायाला."

गाडी वाजत राहिली. मी स्टिअरिंगला धरून समोर बघत होते. मग सीटची गादी हळू वर आली, म्हातारं माणूस हात टेकून उठतं तशी, दमादमाने. आवाज थांबला. दिवा विझला. हिरामण पाड्याच्या दिशेने चालायला लागला, एक हात किंचित बाजूला धरून, कोणाला तरी आधार द्यावा तसा. पाड्यावरची कुत्री उठून उभी राहिली, पण भुंकली नाहीत.

तो परत आला तेव्हा रिकाम्या हाताने आला. गाडीला टेकून म्हणाला, "मी वळवली तिथंच चुकलं, मॅडम. गेली होती तर गेली होती. पुढं न्यायाला पायजे होतं."

परतताना गाडी हलकी होती. मी मात्र नव्हते. घरी आईने दार उघडायचीही वाट पाहिली नाही, पलंगावरूनच विचारलं.

"पोचली का ती?"

"पोचली."

"बरं झालं," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आता माझं बघ."

"बघू उद्या" माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. ते मी गिळलं. मी तिच्या पायाशी बसले आणि खूप रडले. तुला वाटेत काही झालं तर मी काय करू, असं मी तिला सरळ विचारलं. एवढे दिवस न विचारलेलं ते एवढंच होतं.

"गाडी चालवत राहा," आई म्हणाली.

दोन दिवसांनी सकाळी आम्ही निघालो. डॉक्टरांना मी सांगितलं, विचारलं नाही. फुलाबाई मागे बसली, औषधांची पिशवी मांडीवर घेऊन. आईला आम्ही दोघींनी उचलून पुढे बसवलं. तिने स्वतःची ठेवणीतली हिरवी साडी नेसवून घेतली होती, तिच्या हातची. पट्टा मी लावला. पट्ट्यात ती एवढीशी दिसत होती. "ही फ्रेंचांची का गं?" तिने विचारलं. "बरी आहे. बसायला ऐसपैस आहे."

आडगाव मागे पडलं, चांदोरी गेली. आई एकेक गावाचं नाव घेत होती, बरोबर घेत होती. निफाडला तिने ऊस बघितला. विंचूरच्या अलीकडे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती तेव्हा म्हणाली, "वास आला बघ. आता आलंच." त्यानंतर ती काही बोलली नाही. मला वाटलं, दमली. रांग सुटली, मी गिअर टाकला, आणि तिचं डोकं माझ्या बाजूला कललं. हात मांडीवरून घसरला आणि माझ्या हातावर आला. तो हात मला लहानपणापासून माहीत होता. त्यात आता कोणी नव्हतं.

"ताई," फुलाबाई मागून म्हणाली. "ताई, आजी बघा ना."

"माहितीये."

"मग मागं वळा ना! निफाडला दवाखाना हाय. वळा, ताई, अजून उशीर नाय झाला!"

पुढे दुभाजकाला फट होती. माझ्या हाताने आपोआप इंडिकेटर दिला. गाडीचा वेग कमी झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, फुलाबाई रडत होती, आणि मीही ओरडत होते बहुतेक, काय ते आठवत नाही. सगळं अंग म्हणत होतं, वळ. वाचेल. एकदा तरी बघ. ती फट समोर आली, उजव्या हाताला आली.

मी इंडिकेटर बंद केला आणि सरळ गेले.

येवल्यात आमच्या गल्लीत मोठी गाडी शिरत नाही. ही शिरली. दोन्हीकडचे ओटे हातभर अंतरावरून सरकत गेले, कुठल्या तरी घरात माग चालू होता, त्याचा खटखट आवाज येत होता. आमच्या दारासमोर मी थांबले. कुलूप तसंच होतं, उंबऱ्यावर पाचोळा साचला होता. मी उतरून कुलूप काढलं, दार उघडलं, आणि परत येऊन बसले. इंजिन चालूच ठेवलं होतं.

"ताई, काय करताय?" फुलाबाईने विचारलं.

मी आईच्या पट्ट्याचं बटण दाबलं. पट्टा तिच्या हिरव्या साडीवरून मागे गेला आणि गाडी वाजायला लागली. त्या अरुंद गल्लीत तो आवाज फार मोठा वाटत होता. समोरच्या घरातून कोणी तरी डोकावलं.

"आई," मी म्हटलं. मग नावाने हाक मारली. "सगुणाबाई. घर आलं. ऊठ."

टिंग-टिंग चालू राहिलं. आणि मग थांबलं.

आई माझ्या शेजारीच होती. कलती मान, मांडीवर हात, सगळं वजन सीटवर जसंच्या तसं. फुलाबाई एकदा तिच्याकडे आणि एकदा त्या विझलेल्या लाल दिव्याकडे बघत होती. उघड्या दारातून आत अंधार दिसत होता, आणि उंबऱ्यावरचा पाचोळा आत गेला होता.

वजन उठलं की थांबणार, असं मयूर म्हणाला होता. मी इंजिन बंद केलं.